दोन्ही रकान्यांत मीच

सगळ्यांना जय भीम. प्रकाशभाऊ, प्रज्ञा, गेटवरच्या गाईड बाया, ड्रायव्हर भाऊ, आणि आमच्या गावाहून टेम्पोनं आलेली सगळी मंडळी. आज मंगळवार. मंगळवारी जंगलाचं गेट बंद असतं, म्हणून तुम्हाला येता आलं. करुणा असती तर आज तिनं अंगणात कपडे वाळत घातले असते आणि दुपारी मला फोन केला असता. मंगळवार हा आमचा फोनचा वार. सकाळपासून दोनदा मी पिशवीत हात घालून फोन पाहिला.

मी अरुणा. करुणाची जुळी बहीण. हे सांगायची तशी गरज नाही, तोंड पाहूनच कळतं. मघाशी विहाराच्या दारात एका म्हाताऱ्या बाईनं माझा हात धरला, गालावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "करुणा, तू तं इथीच हायेस वो. मंग हे लोक कायले रडून राह्यले?" तिची सून तिला बाजूला घेऊन गेली. जाता जाता माझी माफी मागत होती. माफी कसली? मला क्षणभर बरं वाटलं. क्षणभर मलाही वाटलं, खरंच की, कायले रडून राह्यले?

बोलणं जड जातंय. अंगणवाडीत मी रोज बोलते, पण समोर लेकरं असतात. आज कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद मी वाचणार नाही. करुणा किती गुणी होती तेवढंच त्यात लिहिलंय, आणि ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला दुसरंच सांगायचंय. चंद्रपूरच्या दवाखान्यात प्रज्ञानं मला एक प्रश्न विचारला होता. करुणाची ही एकुलती एक लेक. "मावशी, आईची तं दरवर्षी तपासनी होत होती ना? मंग कोनालेच काऊन नाई समजलं?" मी उत्तर दिलं नाही. मान खाली घालून बसले. आज तिच्यासमोर, तुमच्या सगळ्यांसमोर, ते उत्तर द्यायला उभी आहे. मला जरा सांभाळून घ्या. मधेच थांबले तर थांबू द्या.

नागभीडजवळ आमचं गाव. गावामागे तलाव. थंडीत धुकं त्या तलावावर बसलेलं असायचं, उठायचंच नाही. आम्ही दोघी काठावर जाऊन पाण्यावर वाकायचो. पाण्यात दोघी, काठावर दोघी, अशा चौघी दिसायच्या. मी दहा मिनिटांनी मोठी, म्हणून करुणा मला थोरल्या बहिणीसारखं बाई म्हणायची, तेही चिडवायला. ती विचारायची, "बाई, यातली मी कोनती?" मी बोट दाखवायची. ती म्हणायची, "नाई, थे तं तू होय." आणि पाण्यात हात घालून सगळ्यांना मोडून टाकायची. मग आम्ही पाणी पुन्हा स्थिर व्हायची वाट पाहायचो. किती वेळ पाहायचो कोण जाणे. आई हाका मारून दमायची.

एकाच गोधडीत निजायचो. सकाळी उठल्यावर करुणा स्वप्न सांगायला लागायची आणि अर्ध्यावर थांबायची. पुढचं मी सांगायची. म्हणजे खरंच एक स्वप्न दोघींना पडायचं? की ती उगाच मान हलवायची, बाईचं मन राखायला? हे तिला विचारायचं राहून गेलं. आता कोणाला विचारू?

आणि शाळा. शाळेचं नीट ऐका, कारण सगळं तिथून सुरू होतं. मोहफुलं पडायचे दिवस आले की करुणा शाळेऐवजी झाडाखाली. गुरुजी हजेरी घ्यायचे. "अरुणा." हजर. मग मी हळूच मागच्या रांगेत सरकायची. "करुणा." हजर. गुरुजींची नजर अधू होती आणि वर्गात दाटी होती. एकदाही सापडलो नाही. घरी येताना करुणा ओंजळभर मोहफुलं माझ्या फ्रॉकमध्ये टाकायची. एकीनं हजर म्हटलं की दोघींचं भागतं, ही आमची सवय तेव्हापासूनची आहे.

लग्नं एकाच मांडवात झाली. मी धानाच्या मुलखातच राहिले, ती इकडे मोहर्लीला आली. पहिल्या वर्षी रडायची, म्हणायची, इथी अंगनात माकडं येऊन बसते. मग प्रज्ञा झाली, मोठी झाली, आणि एक दिवस फोन आला. "बाई, मी गाईड होऊन राह्यली." मी म्हटलं, वाघाची भीती नाही वाटत? म्हणाली, "वाघ रोज थोडीच दिसते? धुकं मातर रोज दिसते." ती मला वाघाचं कधी सांगायची नाही. धुक्यातून सांबराची नुसती शिंगं चालत गेलेली सांगायची. पाण्यावर उतरलेला पांढरा पक्षी सांगायची. मी धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, रोपांचा रोवणा करत असायची. फोन कानाला खांद्यानं धरलेला. ती बोलायची आणि मला ते दिसायचं. मी आयुष्यात एकदाही सफारीला गेले नाही, पण तुमच्या सगळ्या वाटा मला पाठ आहेत.

आता मॅडमबद्दल. मॅडम तिथं मागे बसल्या आहेत, शेवटच्या खुर्चीवर. मॅडम, तुम्ही पुढे या म्हटलं तरी आला नाहीत. बऱ्याच जणांना त्या कोण ते माहीत नाही. त्या डॉक्टर आहेत आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जुळी माणसं शोधत फिरतात. माणसाची तब्येत किती रक्तातून येते आणि किती खाण्यापिण्यातून, कामातून, हवापाण्यातून येते, हे त्यांना पाहायचं असतं. त्यासाठी जुळी लागतात. दरवर्षी धान कापून झालं की एका रविवारी त्या आम्हाला मूल गावातल्या एका शाळेत बोलवायच्या.

तो दिवस कसा असायचा सांगू? शाळेच्या पटांगणात प्रत्येक तोंड दोनदा. सिरोंचाकडचे दोन म्हातारे भाऊ, धोतर एक, काठी एक, तेलुगूत भांडायचे. जिवतीच्या डोंगरातल्या दोन पोरी एका वेळी जांभई द्यायच्या. पहिल्या वर्षी चहावाल्यानं एका माणसाला चहा दिला, वळला, तर तोच माणूस पुन्हा हात पुढे करून उभा. चहावाल्यानं किटली खालीच ठेवली. करुणा इतकी हसली की मॅडमना तिचं बीपी अर्ध्या तासानं घ्यावं लागलं. मला अजून ते पटांगण स्वप्नात येतं. स्वप्नात सगळे जोडीनं असतात.

मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. एका पायलीतलं बियाणं घ्या. अर्धं या बांधीत टाका, अर्धं त्या बांधीत. बियाणं तेच, पण पाणी वेगळं, माती वेगळी. मग पीक किती सारखं येतं आणि किती वेगळं येतं ते पाहायचं. आम्ही दोघी माना हलवत होतो. धानाचं आम्हाला काय सांगायचं? पण माणूस सोयीचं तेवढंच ऐकतो. मी बियाणं ऐकलं. बांधी मी ऐकलीच नाही.

सुरुवातीची वर्षं आम्ही दोघी जायचो. मॅडम एका कागदावर दोन रकाने आखायच्या, एक अरुणाचा, एक करुणाचा. वजन, बीपी, साखर, रक्त. करुणाचा रकाना थोडा वर चढत होता. मॅडम तिला म्हणाल्याही, मीठ कमी करा, पुढच्या वर्षी नीट पाहू.

पुढच्या वर्षी ती आली नाही. तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. थंडीतला रविवार, तुम्हाला माहीतच आहे, गेटवर गाड्यांची रांग. आदल्या दिवशी फोन आला. "बाई, मले सुट्टी घेता येत नाई. माहा एक शर्ट तुह्याकडे राह्यला ना? थो घालून तूच दोनदा जाजो." आणि हसली. मीही हसले. शाळेची आठवण झाली. मोहफुलांचा वास आला, खरंच सांगते.

सकाळी मी अरुणा म्हणून गेले. दुपारी शाळेच्या मागे जाऊन साडीवर तिचा खाकी शर्ट चढवला, केस तिच्यासारखे वर बांधले. पायांची भीती होती. चिखलानं माझ्या बोटांच्या बेचक्या कुजलेल्या असतात आणि तिचे पाय बुटातले. म्हणून मोजे घातले. डाव्या हाताचं रक्त माझ्या नावानं दिलं होतं, उजव्या हाताचं तिच्या नावानं दिलं. खिशात हात घातला तर एक वाळलेलं पान होतं, कोवळेपणीच तोडलेलं सागाचं पान, घामेजल्या हातानं चुरडलं तर बोटं लाल झाली. मला वाटलं, मीच करुणा आहे आणि अरुणा तिकडे गावी धान वाळवत बसली आहे. मॅडमच्या माणसानं तपासणीच्या कार्डासाठी फोटो काढला. मी तिच्यासारखी हसले.

मॅडमनी दोन्ही रकाने पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. सगळ्यांना थांबवून म्हणाल्या, बघा, एक शेतात राबते, एक जंगलात फिरते, आणि आकडे किती जवळ आलेत! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पण मित्रांनो, टाळ्यांनी कोणी मरत नाही. मी पुढे जे केलं ते ऐका. मी फोन केला आणि म्हटलं, "करुने, तुही तब्येत चांगली हाये म्हनते मॅडम."

ती म्हणाली, "माही, का तुही?"

मी म्हटलं, "एकच तं हाये."

ती म्हणाली, "बरं झालं बाप्पा." आणि तिनं ते खरं मानलं. मीही खरं मानलं. आमच्यात कोणी कोणाला फसवलं नव्हतं. रक्त एक आहे, मग माझं ठीक तर तिचं ठीक. इतकं साधं वाटलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात तिनं फोनवर सांगितलं, "बाई, डोकं लगित दुखून राह्यलं. डोऱ्यापुढं चमकते." मी म्हटलं, मंग ये ना तपासाले. तर म्हणाली, "अन् कागदावर चढलं तं? गाडीवर कोन बसू देईल मले?" मी विचारलं, "कोनी म्हनलं का तसं?" "कोनी नाई म्हनलं. मलेच भेव वाटते. जंगलात नाई गेली तं मी मरून जाईन बाई. तूच जाजो. तुहं रक्त थेच माहं रक्त."

मी गेले. त्याही वर्षी गेले, याही वर्षी गेले. मोजे घालून, शर्ट घालून. आणि दरवेळी फोन करून सांगितलं, सगळं ठीक आहे. ती पहाटे उठायची, गाडीवर डुलकी येऊ नये म्हणून तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची. गेटवरच्या बायांनो, तुम्हाला ठाऊक होतं. तो खर्रा माझ्या रक्तात कुठून दिसणार? तिची अपुरी झोप माझ्या दंडाला पट्टा बांधून कशी मोजणार? बियाणं एक होतं हो. बांधी तिची होती. त्या बांधीचं पाणी कोणी तपासलंच नाही, कारण मी मधे उभी होते.

तेरा दिवसांपूर्वी सकाळच्या फेरीत ती जिप्सीत पुढे उभी होती. राजूभाऊ गाडी चालवत होते, ते इथं बसले आहेत. तिनं बोट वर केलं आणि पुढचा शब्द आला नाही. गाडीतल्या लोकांना वाटलं, वाघ आहे. सगळे गप्प बसले. श्वास रोखून बसले. ती वर केलेलं बोट तसंच धरून उभी. राजूभाऊंनी वळून तिचं तोंड पाहिलं तेव्हा त्यांना समजलं. राजूभाऊ, तुम्ही गाडी पळवलीत. तुम्ही काही कमी केलं नाही. डोक्यात नस फुटली होती. चंद्रपूरला दोन दिवस ती होती. डोळे मिटलेले, आणि ओठ मधूनच हलायचे, लहानपणी स्वप्न सांगताना हलायचे तसे. मी कान लावून बसले होते. पुढचं मला माहीत असेल असं वाटत होतं. काही कळलं नाही. पहिल्यांदा मला तिचं पुढचं कळलं नाही.

प्रज्ञा, तू विचारलंस, दरवर्षी तपासणी होत होती ना. होत होती, माय. माझी होत होती. त्या कागदावर तीन वर्षं दोन्ही रकान्यांत मीच आहे. तुझ्या आईच्या नावापुढे माझं रक्त आहे. हे तुझं उत्तर. मला ते दवाखान्यातच द्यायला हवं होतं. मला भीती वाटली. तू एकदा माझ्याकडे आई म्हणून पाहतेस, एकदा मावशी म्हणून पाहतेस, आणि हे सांगितल्यावर दोन्ही बंद होईल असं वाटलं.

आणि अजून एक. टेबलावरचा फोटो.

हा फोटो तुम्ही मॅडमनी दिलेल्या कार्डावरून मोठा करून घेतलात. खाकी शर्ट, केस वर बांधलेले, छान आलाय. सकाळपासून तुम्ही सगळ्यांनी त्याच्यापुढे फुलं वाहिलीत, मेणबत्त्या लावल्यात, डोळे पुसलेत. हा फोटो करुणाचा नाही. माझा आहे. मी आज सकाळी दारातून आत आले आणि माझ्याच फोटोला घातलेला हार पाहिला. तेव्हाच ठरवलं, कागद वाचायचा नाही. प्रज्ञा, तुला ओळखू आलं नाही यात तुझी काही चूक नाही. आमची आईसुद्धा चुकायची. प्रकाशभाऊ, बायकोचा फोटो ओळखला नाही म्हणून तुम्ही मान खाली घालू नका. खाली बघायची पाळी माझी आहे.

परवा मी मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. इतक्या वर्षांचं त्यांचं काम, त्यात मी माती कालवली. त्यांनी दोन्ही रकाने पुन्हा काढून पाहिले. मग म्हणाल्या, "अरुणाबाई, ते आकडे मी काढून टाकीन. पण ते इतके जुळले तेव्हाच मी करुणाबाईंना फोन करायला हवा होता. मी आनंदात राहिले." मॅडम, तुम्ही हे म्हणालात ते तुमचं मोठेपण. पण शर्ट मी घातला होता.

आज मॅडम बीपीचं मशीन घेऊन आल्या आहेत. सभा झाली की बाहेरच्या ओट्यावर बसतील. माझी हात जोडून विनंती आहे, घरी जायच्या आधी प्रत्येकानं दंड पुढे करावा. स्वतःचा. नवऱ्याचं ठीक निघालं म्हणून बायकोनं उठून जायचं नाही. भावाचं ठीक निघालं म्हणून भावानं जायचं नाही. गाईड बायांनो, तुम्ही सगळ्यात आधी. आणि प्रज्ञा, तू माझ्या आधी. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्या ओट्यावर बस.

मी हा फोटो आता उचलते. हार काढते. माझ्या फोनमध्ये करुणाचा एक फोटो होता, तो नागभीडहून छापून आणलाय. गेल्या मे महिन्यातला, माझ्या अंगणातला. चांगला नाही आला. हललेला आहे. एक डोळा अर्धा मिटलाय, दात खर्र्यानं लाल झालेत, आणि ती कोणाला तरी हाक मारतेय. ही करुणा. ही होणं मला कधीच जमलं नसतं, आता पाहिलं की कळतं. हिला फुलं वाहा.

आता आपण उभं राहू या. मौन कसं पाळायचं ते मी सांगते. त्या दिवशी गाडीतले सगळे वाघासाठी गप्प बसले होते, आज तिच्यासाठी गप्प राहू. मी गुरुजींसारखं तिचं नाव एकदा घेईन. आयुष्यभर तिच्या नावाला मी उत्तर दिलं. शाळेत दिलं, मूलच्या पटांगणात दिलं. आज देणार नाही. तुम्हीही देऊ नका. कोणाचंच उत्तर येणार नाही, आणि ते आपण सगळे मिळून ऐकू.

प्रज्ञा, जमलं तर माझ्या बाजूला येऊन उभी राहा.

करुणा.